स्टेपनीचे बोल्ट

मोटारीच्या मागच्या कप्प्यात, गालिच्याच्या तुकड्याखाली झाकून ठेवलेल्या पाचव्या चाकाला आपल्याकडे सारे ‘स्टेपनी’ म्हणतात. शब्द इंग्रजी वळणाचा असला तरी इंग्लंडातल्या आजच्या तरुणाला तो सांगून कळायचा नाही. वेल्समध्ये लानेली नावाचे गाव आहे आणि त्या गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. तेथील डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास एक जास्तीचे चाक तयार केले आणि त्याला रस्त्याचेच नाव दिले. त्या काळी मोटारीची चाके सहज सुटत नसत. टायर फुटला की मालकाने रस्त्याच्या कडेला बसायचे आणि तो तेथेच दुरुस्त करायचा. डेव्हिसांचे चाक म्हणजे आरे नसलेली एक लोखंडी कडी आणि तिच्यावर फुगवलेला टायर. ही कडी फुटलेल्या चाकाला शेजारून लावायची, पकडींनी आवळायची आणि गाडी पुढे न्यायची. मूळ चाक जागचे हलत नसे. जगभर खपलेली ही वस्तू चाके सुटी होऊ लागताच नाहीशी झाली. नाव मात्र भारतात राहिले, आणि असे राहिले की खेड्यातल्या बैलगाडीवाल्यालाही ते ठाऊक असावे.

त्या जुन्या रचनेत एक गोष्ट होती, तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. चाक धरून ठेवणाऱ्या पकडी स्टेपनीच्या स्वतःच्या होत्या. ज्याच्याजवळ स्टेपनी, त्याच्याजवळ ती बसवण्याचे साधनही असायचेच. आजची स्टेपनी उसन्या बोल्टांवर उभी राहते. काढलेल्या चाकाचे जे बोल्ट हाती येतात तेच तिला लावले जातात. पाचही चाके एका जातीची असतील तोवर या उसनवारीत काही बिघडत नाही. बिघडते ते चार चाके बदलली आणि पाचवे तसेच राहिले म्हणजे.

पत्र्याची काळी चाके काढून चकचकीत अलॉय चाके बसवण्याची हौस आता गावोगावी पोहोचली आहे. दुकानदार चार चाके विकतो; पाचवे कोण घेणार? ते दिसत नाही, म्हणून जुनेच राहते. अलॉय चाकाची बैठक जाड, पत्र्याच्या चाकाची पातळ. त्यामुळे अलॉयला अनेकदा लांब बोल्ट लागतात. शिवाय बोल्टाच्या डोक्याखालचा भाग चाकाच्या भोकात जेथे टेकतो, त्या जागेचा आकारही वेगळा असू शकतो. कोठे तो निमुळता असतो, कोठे चेंडूसारखा गोल, तर कोठे सपाट. काही कंपन्या दोन्ही चाकांना एकच बोल्ट चालेल अशी योजना करतात. काही कंपन्या स्टेपनीसाठी वेगळे बोल्ट देतात आणि तशी नोंद गाडीच्या पुस्तिकेत करतात. ती पुस्तिका बहुतेक घरांत प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट जपून ठेवलेली असते.

येथे एक भेद सांगितला पाहिजे. आपल्या रस्त्यांवरच्या बहुसंख्य मोटारींत हबमधून आटे असलेले खुंट बाहेर आलेले असतात. चाक त्यांच्यावर अडकवायचे आणि वरून नट आवळायचे. खुंटांची लांबी ठरलेली असल्याने चूक झालीच तर ती नटाच्या आकारात किंवा आट्यांत होते. युरोपीय बनावटीच्या अनेक गाड्यांत खुंट नसतात. तेथे चाक एका हाताने तोलून धरायचे आणि बाहेरून बोल्ट हबमध्ये फिरवायचा. बोल्ट किती आत जाईल हे चाकाची जाडी आणि बोल्टाची लांबी या दोहोंवर ठरते, आणि आत काय घडते ते बाहेरून दिसत नाही.

पुण्यातल्या एका व्यापारी कुटुंबाकडे अशीच एक जुनी छोटी गाडी होती, आतेभावाकडून घेतलेली. आतेभावाने हौसेने अलॉय चाके बसवली होती. गाडी देताना त्याने विम्याचे कागद दिले, दुसरी किल्ली दिली, पुढच्या काचेवरचे देवाचे चित्रही ठेवून दिले. पत्र्याच्या चाकांचे बोल्ट देण्याचे त्याला सुचले नाही, आणि घेणाऱ्यालाही ते मागण्याचे सुचले नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी हे कुटुंब नव्या तांदळासाठी निघाले. भोर आणि वेल्हे हा भाताचा मुलूख. भोरचा आंबेमोहोर पुण्याच्या घराघरांत नावाजलेला, आणि काढणी आटोपल्यावर ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाचा तांदूळ भरून आणण्याची रीत अजून पुष्कळ घरांनी टिकवली आहे. गाडीत गृहस्थ, त्यांच्या पत्नी, कॉलेजात शिकणारा मुलगा आणि गृहस्थांच्या मातोश्री होत्या. सकाळी भोरच्या पेठेत नातेवाइकांकडे जाणे झाले. पंतसचिवांचे हे जुने संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. त्यांचा राजवाडा आता चित्रपटांच्या चित्रीकरणासाठी अधिक ओळखला जातो. तेथून कापूरहोळला हमरस्त्यावर येऊन चेलाडीच्या फाट्यावरून नसरापूर आणि पुढे वेल्हे. या तालुक्याचे नाव सरकारदरबारी आता राजगड झाले आहे, पण रस्त्यावर विचारणारा अजून वेल्हेच विचारतो. तोरण्याच्या पायथ्याशी पन्नास-पन्नास किलोंची दोन पोती मागच्या कप्प्यात चढली आणि साडेतीनच्या सुमारास गाडी परतीला लागली. आजींना सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचायचे होते. हिशेब अगदी जमत होता.

विंझरच्या अलीकडे समोरून एस.टी. आली. तिला वाट देताना मागचे डावे चाक डांबराच्या कडेवरून खाली उतरले आणि कडेच्या दगडाने टायरची बाजू फाडली. बाजू फाटलेल्या टायरला पंक्चर काढण्याचा उपाय नसतो. स्टेपनी काढायची म्हणजे आधी पोती उतरवणे आले. ती उतरली, फळी निघाली, धूळ खाल्लेले पत्र्याचे चाक कित्येक वर्षांनी उजेडात आले.

मुलाने काम नीट केले असेच कोणीही म्हणेल. गाडी सपाट जागी उभी केली, हँडब्रेक ओढला, पुढच्या चाकांना दगडांची उटी लावली, बोल्ट थोडे सैल करून मगच जॅक चढवला. अलॉय चाकाचे चारही बोल्ट त्याने पत्र्याच्या चाकाला लावले. ते बिनतक्रार आत गेले आणि समोरासमोरच्या जोड्यांनी आवळले गेले. पान्यावर पाय देऊन त्याने खात्रीही केली. बोल्ट जागचा हलला नाही. वडिलांनी शाबासकी दिली. घड्याळात सव्वाचार झाले होते.

गाडी हलताच मागून कर्र-कर्र असा आवाज येऊ लागला. वेग वाढला की तो जलद होई, कमी झाला की रेंगाळे. चाकात खडा अडकला असेल, असे एक मत पडले. स्टेपनी जुनी आहे, बसेल हळूहळू, असे दुसरे. हे दुसरे मत फार धोक्याचे असते. यंत्राला माणसासारखी सवय होत नाही. आजी मात्र मागच्या आसनावर बसून म्हणाल्या, “अरे, जात्यात खडा आला की असाच आवाज होतो. जाते थांबवावं लागतं.” त्यांचे ऐकले गेले ते मार्गासनीला, आणि तेही पंक्चरवाल्याचे दुकान दिसले म्हणून.

दुकान म्हणजे पत्र्याची शेड, हवेचा कॉम्प्रेसर आणि दारात टांगलेला जुना टायर. तेथल्या तरुणाने गाडी हातभर पुढे-मागे करायला लावली आणि कान दिला. मग जॅक लावून, हँडब्रेक सोडायला सांगून त्याने चाक हाताने फिरवले. पाव फेरा मोकळे गेले आणि अडखळले. पुन्हा पाव फेरा, पुन्हा अडखळले. त्याने एक बोल्ट काढला आणि टोकाकडून उन्हात धरला. टोक नव्या नाण्यासारखे घासून चकाकत होते.

“काका, ह्ये बोल्ट ह्या चाकाचं न्हाईत. लांब पडत्यात. आत ड्रमात जाऊन घासत्यात.”

“पण घट्ट बसलेत की,” गृहस्थ म्हणाले.

“घट्ट बसत्यातच. त्येच तर वाईट.”

या तरुणाने जे एका वाक्यात सांगितले ते थोडे उलगडून पाहण्याजोगे आहे. चाक बोल्टांवर टांगलेले असते असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः बोल्टाचे काम चाकाला हबवर दाबून धरण्याचे. पुरेसा आवळलेला बोल्ट किंचित ताणला जातो, आणि तो ताण स्प्रिंगसारखा चाक आत ओढत राहतो. बारा मिलिमीटर व्यासाचा एक बोल्ट नीट आवळला की साधारण तीन-चार टनांचा दाब देतो. त्या दाबामुळे चाक आणि हब यांच्यात जे घर्षण निर्माण होते ते गाडीचे वजन, ब्रेकचा धक्का आणि वळणाचा ताण पेलते. दाब कमी झाला तर चाक हबवर सूक्ष्मपणे सरकू लागते, बोल्टांना आडवे झटके बसतात, ते सैल होतात किंवा तुटतात. पान्याला लागणारा जोर हा दाबाचा केवळ अंदाज आहे. बोल्टाचे आटे संपले तरी पाना अडतो, बोल्टाचे टोक आत कशाला टेकले तरी अडतो, आट्यांत गंज असला तरी अडतो. हाताला लागणारी घट्टी तीच, आणि चाकावरचा दाब मात्र प्रत्येक वेळी निराळा.

मार्गासनीला दोष दुहेरी होता. बोल्ट सुमारे एक सेंटिमीटर लांब, म्हणून त्यांची टोके हबच्या पलीकडे निघून ब्रेकच्या ड्रममध्ये शिरली होती. हब फिरतो, बोल्ट त्याच्याबरोबर फिरतात, पण ब्रेकचे शू आणि त्यांच्या स्प्रिंगा जागच्या जागी असतात. चार टोके प्रत्येक फेऱ्याला त्यांना घासत होती. दुसरा दोष पंक्चरवाल्याने फिरवलेले चाक खाली उतरवल्यावर दाखवला. पत्र्याच्या चाकाच्या भोकाची बैठक वाटीसारखी गोल होती आणि अलॉयच्या बोल्टाचे डोके नरसाळ्यासारखे निमुळते. वाटीत नरसाळे ठेवले तर ते एका बारीक कड्यावरच टेकणार. बोल्टाने चाकाला धरले होते ते तेवढ्या कड्यावर, आणि तेथला रंग उडून पत्रा चेपू लागला होता. पत्रा चेपला की बोल्टाचा ताण उतरतो, आणि मग सैल पडायला फार किलोमीटर लागत नाहीत.

लांब बोल्टाला एक गुण म्हणावा लागेल, तो ओरडून सांगतो. याच्या उलटे प्रकरण फार मुके असते. मूळ पत्र्याच्या चाकाचे आखूड बोल्ट जाड अलॉयला लावले तर ते हबमध्ये दोन-चार आट्यांवर धरतात. आवाज नाही, घासणे नाही, पान्याला घट्टी उत्तम. एखाद्या घाटात जोराचा ब्रेक लागेपर्यंत सारे ठीक असते. वरंध घाटाने भोरहून महाडकडे उतरणाऱ्याने किंवा पाबे घाटाने खानापूरकडे जाणाऱ्याने ही गोष्ट मनावर घ्यावी. यावरचा उपाय मात्र फुकटचा आहे. बोल्ट हाताने फिरवत आत घालताना फेरे मोजावेत. बोल्टाच्या व्यासाइतकी तरी पकड आट्यांना असावी, असा यंत्रशाळांतला साधा नियम आहे. आट्यांचे अंतर दीड मिलिमीटर असेल तर बारा मिलिमीटरच्या बोल्टाचे आठ फेरे व्हायला हवेत. चार फेऱ्यांत बोल्ट टेकला तर गाडी हलवू नये. आणि लांब बोल्ट ओळखायचा तर जॅक उतरवण्यापूर्वी चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहावे. मुलाला हे करता आले नाही, कारण मागच्या चाकाला हँडब्रेक लावलेला होता, आणि तो लावणे योग्यच होते. अशा वेळी पुढच्या चाकांची उटी पक्की करून, गिअर टाकून, क्षणभर हँडब्रेक सोडावा लागतो. कोणी सांगितल्याशिवाय ते सुचत नाही.

चाक धरणाऱ्या खिळ्याचे महत्त्व आपल्याला नवे नाही. चालत्या गाड्याला खीळ घालू नये असे आपण म्हणतो, पण बैलगाडीचे चाक आसाच्या टोकाला राहते ते खिळीमुळेच. दशरथाच्या रथाची खीळ निसटली तेव्हा कैकेयीने तेथे आपले बोट घातले, असे कीर्तनकार रंगवून सांगतात. बदली खीळ टिकली खरी. तिची किंमत पुढे साऱ्या अयोध्येने मोजली. अलीकडच्या काळातलीही गंमत आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने गाड्या जोडायला सुरुवात केली. क्रायस्लरच्या त्या काळच्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असत, म्हणजे चाक पुढे फिरताना बोल्ट सैल होऊ नयेत. ज्याला हे ठाऊक नसे तो बोल्ट सोडवतो आहे असे समजून आवळत राही आणि शेवटी मोडून ठेवी. बळ होते, पाना होता, बोल्टही त्याच गाडीचा होता.

मार्गासनीला प्रश्न उरला पुढे काय करायचे हा. पंक्चरवाल्याकडे नटांची बादली भरलेली होती. या गाडीचे आखूड बोल्ट तिच्यात नव्हते. एका गिऱ्हाइकाने बोल्टाखाली दोन-दोन वॉशर घालून लांबी मारण्याचा तोडगा सांगितला. तरुणाने मान हलवली. वॉशर घातला की डोक्याची बैठक आणखीच बिघडते. बोल्टांची टोके कापण्याचेही निघाले. त्याने गोल वाटी कशी होणार, हा मुद्दा मुलाने काढला आणि तेवढ्यापुरता तो विषय संपला. मग आतेभावाला फोन गेला. त्याने माळ्यावर चढून रंगाचा एक रिकामा डबा शोधला. त्यात सोळा बोल्ट होते, तेलकट फडक्यात बांधलेले. टाकून द्यायचे राहून गेले होते, एवढेच. त्याचा मुलगा कात्रजहून मोटारसायकलवर निघाला.

सूर्य तोरण्याच्या बाजूला कलला होता. आजींनी घड्याळ पाहिले नाही. उन्हाकडे पाहिले आणि आज पाण्यावर भागेल असे सुनेला सांगितले. शेडच्या मागेच पंक्चरवाल्याचे घर होते. त्याची आई बाहेर आली. “आजी, भाकरी टाकते गरम. कांदा-लसूण न्हाई घालत कशात. नुसती भाकरी आन् दूध घ्या.” चूल पेटली. ऊन डोंगरावरून उचलले जाण्याआधी आजींचे जेवण आटोपले, आणि त्यांनी शेवटचे पाणी घेतले.

बोल्ट पोहोचले तेव्हा अंधार पडला होता. शेडमधल्या पिवळ्या दिव्याखाली तरुणाने जुना बोल्ट आणि नवा बोल्ट शेजारी-शेजारी उभे केले. दोहोंत बोटाच्या पेराएवढाही फरक नव्हता, पण होता. चेपलेली बैठक त्याने बोटाने चाचपून पाहिली, चारही भोके तपासली आणि पुण्यापर्यंत चालेल, नंतर हे चाक वापरू नका, असे सांगितले. मग पाना बाजूला ठेवून त्याने मुलाला हातानेच बोल्ट फिरवायला लावले. मुलाने फेरे मोठ्याने मोजले. चाक फिरवून पाहिले. ते निःशब्द फिरले. ब्रेक लागतो आहे ना, हे शेडपुढच्या मोकळ्या जागेत दोनदा पाहिले आणि तांदळाची पोती मागच्या मोटारसायकलवाल्याच्या भरवशावर न टाकता तेथेच ठेवली. ती पुढच्या रविवारी नेली.

गाडी चाळीसच्या पुढे गेली नाही. नसरापूरला थांबून चारही बोल्टांना पुन्हा पाना लावला, चेलाडीला हात लावून चाक तापले आहे का ते पाहिले. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये ड्रम उघडला. एका शूची स्प्रिंग अर्धी झिजली होती आणि लायनरच्या कडेला चार जागी चकाकी होती. स्प्रिंग, शू आणि पत्र्याचे एक चाक नवे घ्यावे लागले. पन्नास किलोमीटर झाल्यावर बोल्ट एकदा तपासावेत, या नियमाप्रमाणे मुलाने त्या आठवड्यात टॉर्क पाना आणून तपासले. चारपैकी दोन बोल्ट पाव-पाव फेरा फिरले.